भाग ४१ : एसईओचे पैसे नेमके कशाचे असतात?

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले अडखळे आणि चहाचे घोट वगळले आहेत, बाकी जसंच्या तसं.)

लोकलमध्ये लटकत, एसटीच्या खिडकीत, भांडी घासताना, जिथे कुठे ऐकत असाल तिथे तुमचं स्वागत.

वेबसाइट कशी करायची, त्यावरचा भाग आपण केला होता. त्यानंतर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न एकच: "दादा, साइट झाली. आता एकजण एसईओचे महिन्याला पंधरा हजार मागतोय. देऊ का?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला जरा लाज वाटते. कारण हेच पंधरा हजार मी माझ्या सख्ख्या बहिणीला आठ महिने भरायला लावले होते. तिने ते कुठून काढले, हे मला नंतर कळलं. आज तीच गोष्ट सांगतो आणि तिच्या आधाराने हिशेब समजावतो. कागद-पेन असेल तर घ्या, कारण आकडे बरेच आहेत.

ताईचं घर आणि माझी हुशारी

माझी ताई दापोली तालुक्यात, कर्द्याच्या बाजूला राहते. तिच्या सासरचं जुनं कौलारू घर आहे, मागे आंबा-फणसाची वाडी. भावोजींनी मागच्या अंगाला चार खोल्या बांधल्या आणि दोघांनी पर्यटकांना राहायला द्यायला सुरुवात केली. घरगुती जेवण, सुरमई, सोलकढी, आदल्या दिवशी सांगितलं तर उकडीचे मोदक. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं येतात, मधल्या वारी शुकशुकाट.

तिचं बुकिंग तेव्हा एका मोठ्या पोर्टलवरून यायचं आणि ते पोर्टल शंभरातले अठरा रुपये कापून घ्यायचं. ताई म्हणायची, "अरे, चादरी मी धुते, मासे मी तळते आणि अठरा रुपये त्यांचे?" मी पुण्यात आयटीत. म्हटलं, तू स्वतःची साइट कर, गूगलवर वर आली की लोक थेट तुलाच फोन करतील. ऑफिसातल्या एका मित्राने एका एजन्सीचा नंबर दिला. त्यांचं सादरीकरण एकदम चकचकीत होतं. "सहा महिन्यांत पहिलं पान, गॅरंटी." महिन्याला १५,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १७,७००.

ताईने एकच विचारलं, "तुला बरोबर वाटतंय ना?" मी म्हटलं, "हो गं, डोळे झाकून दे."

ऑगस्ट २०२२ ते मार्च २०२३, आठ महिने. १७,७०० गुणिले आठ, १,४१,६००. दर महिन्याला एक रंगीत रिपोर्ट यायचा. त्यात हिरवे बाण वर गेलेले असायचे. "२० कीवर्ड पहिल्या पानावर." मी तो रिपोर्ट उघडून बघायचो, खूश व्हायचो आणि ताईला अंगठा पाठवायचो.

मे महिन्यात मी गेलो तर पडवीवर ताडपत्री. वाळूच्या पिशव्या ठेवून दाबलेली. भावोजींना विचारलं, "हे काय?" ते म्हणाले, "छप्पर करायचं होतं यंदा. पुढच्या वर्षी बघू." ताई काहीच बोलली नाही, माझ्यासाठी घावन घालत होती. छपराचे पैसे कुठे गेले, ते माझं मला समजलं.

त्या हिरव्या बाणांत काय होतं?

त्या रात्री मी पहिल्यांदा नीट बसलो. गूगलचं सर्च कन्सोल म्हणून एक साधन आहे. पूर्णपणे फुकट. तुमची साइट लोकांना कोणत्या शब्दांनी शोधताना दिसली, किती वेळा दिसली, किती जणांनी त्यावर बोट ठेवलं, हे त्यात कळतं. सोळा महिन्यांपर्यंतचा हिशेब मिळतो. एजन्सीने ते ताईच्या साइटला जोडलं होतं, पण ताईला कधी दाखवलं नव्हतं. खूप मागे लागल्यावर फक्त बघण्यापुरती परवानगी दिली.

रिपोर्टातले ते २० कीवर्ड मी एकेक करून तपासले. त्यातले सात म्हणजे ताईच्या होमस्टेचंच नाव, थोडं इकडे-तिकडे फिरवलेलं. आता सांगा, ज्याला तुमचं नाव आधीच माहीत आहे त्याला शोधात तुम्ही दिसलात, यात कोणी काय कमावलं? उरलेले तेरा असे की कुठलाही शहाणा माणूस ते टाइप करणार नाही. "दापोली कर्दे घरगुती स्वस्त उत्तम कौटुंबिक समुद्र निवास." असला शब्द महिन्यात शून्य वेळा, फार तर दोनदा शोधला गेलेला. रिकाम्या मैदानात एकटाच धावलास तर तू पहिला येणारच ना!

"कर्दे होमस्टे", "दापोलीत राहण्याची सोय" अशा ज्या शब्दांनी माणसं खरंच शोधतात, तिथे साइट चौथ्या-पाचव्या पानावर होती. तिथवर कोण जातो?

रिपोर्टातला एकही आकडा खोटा नव्हता, हे लक्षात घ्या. आकडे खरेच होते, पण ते धंद्याचे नव्हते.

आधी मुळाशी जाऊ : पैसे कोणाला जातात?

गूगलवर काही शोधलं की साधारण दोन प्रकारचे निकाल दिसतात. एक जाहिराती, ज्यांच्यावर "प्रायोजित" असं लिहिलेलं असतं. तिथे धंदेवाला गूगलला पैसे देतो, बहुतेक वेळा दर क्लिकमागे. पैसे थांबले की जाहिरात थांबली. दुसरे नैसर्गिक निकाल. त्या जागा गूगल विकत नाही. नकाशातल्या दुकानांच्या यादीबद्दलही गूगलने स्पष्ट लिहून ठेवलंय की वरची जागा पैसे देऊन किंवा विनंती करून मिळत नाही.

मग एसईओचे पंधरा हजार कशाचे? ते एका माणसाच्या वेळेचे. बस. एसईओ म्हणजे तुमची साइट गूगलला नीट वाचता येईल आणि माणसाला उपयोगी पडेल अशी करण्याची मजुरी. सुताराची असते तशी. सुताराला आपण विचारतो, लाकूड कोणतं, दिवस किती, हाताखाली कोण? एसईओवाल्याला मात्र आपण काहीच विचारत नाही, कारण शब्द इंग्रजी असतात आणि आपल्याला वाटतं आपल्याला कळणार नाही.

या मजुरीत साधारण पाच कामं येतात.

पहिलं, तांत्रिक साफसफाई. साइट मोबाइलवर पटकन उघडते का, पानं गूगलला सापडतात का, प्रत्येक पानाला अर्थपूर्ण शीर्षक आहे का. छोट्या साइटला हे एकदाच करायचं काम आहे. दर महिन्याला घर रंगवत नाहीत.

दुसरं, मजकूर. लोक जे विचारतात त्याचं उत्तर साइटवर असणं. हे सतत चालणारं आणि सगळ्यात वेळखाऊ काम.

तिसरं, स्थानिक ओळख. म्हणजे गूगल बिझनेस प्रोफाइल, नकाशावरची जागा, फोन, वेळ, फोटो, ग्राहकांचे अभिप्राय. नकाशाच्या यादीत कोण वर येणार, हे ठरवताना गूगल मुख्यतः तीन गोष्टी बघतं: शोधलेल्या गोष्टीशी तुमचा धंदा किती जुळतो, तो किती अंतरावर आहे आणि लोकांत त्याची किती ओळख आहे.

चौथं, इतर साइटवरून येणाऱ्या लिंक. यावर वेगळं बोलतो, कारण सगळ्यात मोठी फसगत इथेच होते.

पाचवं, मोजमाप. काय केलं आणि त्याने काय झालं, ते सांगणं.

दरपत्रक हातात आलं की ही पाच कामं आणि त्यांचे तास शोधा. तास सापडले नाहीत, तर तुम्ही काय विकत घेताय हे तुम्हाला माहीत नाही.

स्वस्त पॅकेजचा हिशेब

मला तेव्हा आणखी एक दरपत्रक आलं होतं. महिना ४,९९९ रुपये. त्यात १० ब्लॉग, १०० बॅकलिंक, ५० डिरेक्टरी नोंदी. कागदावर किती भरगच्च!

आता गणित करू. काम करणाऱ्याचा तास ४०० रुपये धरा. ४,९९९ म्हणजे साधारण साडेबारा तास. एक बरा लेख माहिती काढून, लिहून, तपासून व्हायला कमीत कमी तीन तास लागतात. दहा लेखांचे तीस तास. म्हणजे नुसत्या लेखांतच हिशेब अडीच पट फुटला, लिंक अजून बाकीच. याचा अर्थ ते लेख कोणी लिहिणारच नाही. कुठून तरी उचलणार किंवा मशीनमधून ढीग पाडणार. आणि केवळ वर येण्यासाठी निरुपयोगी पानांचा असा ढीग घालणं हे मार्च २०२४ पासून गूगलच्या स्पॅमच्या नियमांत नाव घेऊन टाकलेलं आहे. मशीन वापरलं की माणूस, हा प्रश्नच नाही. वाचणाऱ्याला उपयोग आहे की नाही, हा आहे.

म्हणजे महाग तेच चांगलं का? तसंही नाही. हजारो वस्तू विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाला महिन्याला लाखभर रुपयेही योग्य असतील, कारण तिथे काम तेवढं आहे. चार खोल्यांच्या होमस्टेला तेच पैसे म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

जो हिशेब मी केला नाही

ताईचा हिशेब ऐका. हा मी आधी केला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

एक खोली, दोन रात्री, एक बुकिंग. भाडं आणि जेवण मिळून साधारण ५,००० रुपये. त्यातून बाजार, गॅस, धुणं, मदतीला येणाऱ्या बाईंचा पगार, वीज वजा जाता ताईच्या हातात २,००० राहतात. एसईओचा खर्च महिना १७,७००. म्हणजे तो नुसता भरून निघायलाच महिन्याला नऊ जादा बुकिंग हवीत. नफा त्यानंतर.

आता खोल्या चार, महिन्यात शनिवार-रविवार चार. चार चोक सोळा. शनिवार-रविवारची एकूण सोळाच बुकिंग शक्य. त्यातली आठ आधीच भरायची. उरली आठ. हवी नऊ.

म्हणजे एजन्सीने जादू केली असती, प्रत्येक शनिवारी घर ओसंडून वाहिलं असतं, तरी ताई तोट्यातच गेली असती! हे गणित चौथीतला मुलगा करेल. मी इंजिनिअर, मी केलं नाही.

तेव्हा कुणाशी बोलण्याआधी तीन आकडे लिहा. एका ग्राहकामागे तुमच्या हातात किती उरतात? महिन्याला आणखी किती ग्राहक तुम्ही सांभाळू शकता? आणि पहिले सहा-आठ महिने काहीच आलं नाही तर किती खर्च सोसेल? तिसरा आकडा महत्त्वाचा, कारण एसईओ सावकाश चालतं. २०१७ मध्ये गूगलनेच एसईओवाला कसा निवडावा यावर एक व्हिडिओ काढला होता. त्यात सांगितलंय की सुधारणा करून त्यांचा फायदा दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागतं. जो पंधरा दिवसांत म्हणतो, तो गूगलपेक्षा जास्त जाणतो असं म्हणावं लागेल.

आणि गॅरंटी? पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गूगलच्या मार्गदर्शनात सरळ लिहिलंय. दुसऱ्याच्या मालकीची जागा हा माणूस तुम्हाला विकतोय. जमिनीच्या व्यवहारात आपण सातबारा बघतो. इथे का नाही?

लिंकांचा बाजार

लिंक इतक्या महत्त्वाच्या का मानतात? लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोघांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना पेजरँकची कल्पना मांडली, त्यांचा शोधनिबंध १९९८ चा. सोपं करून सांगायचं तर एका पानाने दुसऱ्याला लिंक दिली म्हणजे एक मत दिलं. आणि ज्याला स्वतःला खूप मतं आहेत त्याचं मत जड. गावात सरपंचाने कौतुक केलं तर वजन पडतं, तसं.

आता मत म्हटलं की मतं विकत घेणारे आलेच. हजारभर बेवारस साइटवरून लिंक टाकायच्या आणि गिऱ्हाइकाला आकडा दाखवायचा. गूगलच्या नियमांत वर येण्यासाठी लिंक विकत घेणं बसत नाही. एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन नावाचा मोठा बदल आला, तो मुख्यतः यासाठीच.

याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं, जे. सी. पेनी या मोठ्या दुकान साखळीचं. कपड्यांपासून सतरंज्यांपर्यंत अनेक शब्दांना ते गूगलवर वर दिसायचे. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की त्यांच्याकडे येणाऱ्या हजारो लिंक भलत्यासलत्या, विषयाशी संबंध नसलेल्या साइटवरून टाकलेल्या आहेत. गूगलने कारवाई केली, साइट धपकन खाली आली. कंपनी म्हणाली, आम्हाला याची कल्पना नव्हती, आणि तिने आपल्या एसईओ कंपनीला काढून टाकलं.

यातून शिकायचं ते एवढंच: चूक कोणीही करो, शिक्षा साइटच्या मालकाला होते. एवढी मोठी कंपनी यात अडकली, तर आपण कोण? म्हणून "लिंक कुठून आणणार?" हा प्रश्न विचारायचाच. चांगलं उत्तर असं असतं: "तुमच्या भागातल्या पर्यटनाच्या साइटवर नोंद करू, तुमच्याकडे राहून गेलेल्या भटक्या ब्लॉगरला सांगू, तालुक्याच्या एखाद्या उपक्रमात तुम्ही असाल तर त्यांच्या पानावर नाव येईल." आकडा लहान असतो, पण खरा असतो.

किल्ली कोणाच्या खिशात?

आता सगळ्यात दुखरा भाग. एप्रिलपासून आम्ही पैसे थांबवले होते. जूनमध्ये मी फोन करून म्हटलं, साइट आमच्या ताब्यात द्या. उत्तर आलं, "सर, डोमेन आमच्या नावावर रजिस्टर आहे. ट्रान्सफर चार्ज २५,००० होईल."

डोमेन म्हणजे साइटचा पत्ता. त्याचा वर्षाचा खर्च साधारण हजार-बाराशे रुपये. ताईने तो पत्ता कार्डांवर छापला होता, रस्त्यावरच्या पाटीवर रंगवला होता. करारात डोमेन कोणाचं, याबद्दल एक ओळही नव्हती. आणि करार वाचून सही करायला कोणी सांगितली होती? मी.

भावोजी शांत माणूस. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "घर माझं आणि दाराची किल्ली दुसऱ्याकडे, असं कसं रे?"

आम्ही २५,००० दिले नाहीत. नवीन पत्ता घेतला, ताईच्या ईमेलवर. पाटीवरचं नाव भावोजींनी स्वतः ब्रशने खोडलं आणि नवीन लिहिलं. जुन्या पत्त्याची जी काही थोडीफार ओळख झाली होती, ती गेली.

म्हणून पहिल्याच दिवशी चार गोष्टी तुमच्या स्वतःच्या ईमेलवर आणि मोबाइल नंबरवर घ्या. डोमेन. होस्टिंग. सर्च कन्सोल. बिझनेस प्रोफाइल. एसईओवाल्याला काम करायला प्रवेश द्यायचा, मालकी नाही. सर्च कन्सोलमध्ये मालक वेगळा आणि वापरकर्ता वेगळा ठेवता येतो. बिझनेस प्रोफाइलमध्ये मालक तुम्ही, व्यवस्थापक तो. काम संपलं की नाव काढायचं, दोन मिनिटांचं काम. पासवर्ड कधीच द्यायचा नाही.

पैसे देण्याआधी फुकटचं करून घ्या

नवीन पत्ता घेतल्यावर मी आधी स्वतः बघितलं, फुकटात काय होतं. पहिलाच धक्का नकाशावर. ताईच्या घराची खूण भलत्याच वाडीत होती, जवळजवळ दोन किलोमीटर लांब! आठ महिने पाहुणे तिथे जाऊन गाडी फिरवायचे आणि ताई प्रत्येकाला फोनवर "आंब्याच्या कलमाकडून डावीकडे या" सांगायची. फोन नंबर भावोजींचा जुना, बंद पडलेला. त्या रंगीत रिपोर्टांत याचा एका शब्दाने उल्लेख नव्हता.

खूण हलवली, नंबर बदलला, खोल्यांचे खरे फोटो टाकले, जेवणाच्या ताटाचा टाकला. निघताना पाहुण्यांना "अभिप्राय लिहाल का" म्हणायची सवय ताईला लावली. अभिप्राय विकत घ्यायचे नाहीत, सूट देऊनही मागायचे नाहीत, ते नियमाबाहेर आहे. नुसतं विचारायचं. सोलकढी प्यायलेला माणूस लिहितो.

प्रोफाइलसाठी पडताळणी लागते. हल्ली बरेचदा जागेचा व्हिडिओ काढून पाठवावा लागतो. एका दुपारचं काम. हे तुमचं तुम्ही करा. यासाठी हजारो रुपये मागणारे आहेत.

मग माणूस कसा निवडला

तरी साइटचं काम उरलंच होतं, ते मला जमणारं नव्हतं. यावेळी तिघांशी बोललो आणि तिघांनाही तेच सात प्रश्न विचारले. हे प्रश्न लिहून घ्या.

एक. कोणत्या शब्दांवर काम करणार, आणि ते शब्द लोक खरंच शोधतात हे कशावरून?
दोन. किती तासांचं काम आहे आणि प्रत्यक्ष कोण करणार? जो बोलतोय तो, की मागे बसलेला कोणी?
तीन. माझ्या नावावर काय काय राहणार? करारात लिहून द्याल?
चार. लिंक कुठून आणणार?
पाच. आधीच्या दोन ग्राहकांचे नंबर द्याल? एक चालू असलेला, एक सोडून गेलेला.
सहा. मधेच थांबलो तर काय? किती दिवस आधी सांगायचं, लिहिलेला मजकूर कोणाचा?
सात. सहा महिन्यांनी काम झालं की नाही, हे कशावरून ठरवायचं?

पहिल्याने पाचव्या प्रश्नाला फोन ठेवला. दुसरा म्हणाला, "सर, आमची गूगलमध्ये ओळख आहे." मी हसलो.

तिसरी चिपळूणची एक मुलगी, एकटी काम करणारी. तिने आधी साइट बघायला दोन दिवस मागितले. मग म्हणाली, "दादा, तुम्हाला महिन्याचं पॅकेज नको. एकदाच तीस तासांचं काम आहे, १८,००० होतील. मग तीन महिन्यांनी बघू." आणि यादी पाठवली. साध्या मराठीत.

त्या यादीत काय होतं? प्रत्येक पानाचं शीर्षक नुसतं "होम" होतं. फोटो इतके जड की आमच्या तिकडच्या नेटवर्कवर पान उघडेपर्यंत चहा होईल. आणि सगळ्यात भारी: फोन नंबर एका चित्रात छापलेला होता. बोट ठेवून फोनच लागत नव्हता! १,४१,६०० रुपयांत हे कोणाला दिसलं नव्हतं.

मग तिने ताईला विचारलं, "लोक फोनवर काय काय विचारतात?" ताईने वही आणली. फोनशेजारी ठेवलेली, तेलाचे डाग पडलेली. खेड स्टेशनला उतरून कसं यायचं? हर्णैचा मासळीचा लिलाव किती वाजता? कुत्रा आणला तर चालेल का? आजींना पायऱ्या चढवत नाहीत, खालची खोली मिळेल? शाकाहारी वेगळं शिजवता का? दोन वर्षांचे प्रश्न, ताईच्या अक्षरात.

त्या मुलीने सगळी वही फोटो काढून नेली. साइटवरची पानं त्याच प्रश्नांची झाली, उत्तरं ताईच्या शब्दांत. तुमच्या दुकानात, क्लासमध्ये, क्लिनिकमध्येही असे प्रश्न रोज येत असतील. उद्यापासून लिहून ठेवा. एसईओवाल्याला द्यायला यापेक्षा चांगला माल नाही.

आता कसं आहे?

चमत्कार झाला म्हणालो तर तुम्हीच मला पकडाल. चार-पाच महिन्यांनी थेट फोन वाढायला लागले. पोर्टल ताईने बंद केलेलं नाही, पण पूर्वी जवळपास सगळं तिथून यायचं, आता निम्मं येतं. वहीत ती एक नवीन रकाना करते: "कुठून कळलं?" हेच आमचं मोजमाप. किती फोन आले, त्यातले किती राहिले. हल्ली गूगल बऱ्याच प्रश्नांची उत्तरं वरच्या वर एआयने देतं, ऑगस्ट २०२४ पासून आपल्याकडेही. त्यामुळे काही लोक साइटवर येतच नाहीत. अशा वेळी क्रमांकाचा रिपोर्ट आणखीच फसवा. कोणी "एआयमध्ये वर आणतो" असं नवीन पॅकेज घेऊन आलं तर तेच सात प्रश्न विचारा.

ती चिपळूणची मुलगी महिन्याला दोन तासांचे पैसे घेते, काम असेल तरच. मागच्या डिसेंबरात म्हणाली, "या महिन्यात काही नाही, बिल पाठवत नाही." ताईने तिला आंबापोळी पाठवली.

पडवीचं छप्पर झालं, एक पावसाळा ताडपत्रीत काढल्यावर. मी अर्धे पैसे द्यायला गेलो तर ताईने घेतले नाहीत. म्हणाली, "मीही विचारलं नाहीच ना काही. तुझ्यावर टाकून मोकळी झाले." मग थोडं थांबून म्हणाली, "पण आता कोणी आलं ना, तर मीच विचारते. सात प्रश्न तोंडपाठ आहेत मला."

तर ज्याने पंधरा हजारांचं विचारलं होतं, त्याच्यासाठी. मित्रा, द्यायचे की नाही हे मी सांगत नाही, एकदा सांगून बसलोय. आधी तुझे तीन आकडे काढ, डोमेन कोणाच्या ईमेलवर आहे ते आज रात्रीच बघ आणि मग त्याला फोन कर.

सातही प्रश्नांची उत्तरं आली, तर मला कळव. पाचव्यालाच फोन ठेवला, तरी कळव.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि करार वाचून सही करा!